पाचवं अंडं

॥ श्री ॥
कनाटा, १८ एप्रिल २०२४

मंदावन्सं यांना नमस्कार.

कागदावरचं पत्र बघून दचकू नका. इकडे सगळं कालच्यासारखंच आहे. फोनवर तुमचं कानाचं यंत्र शिट्टी मारतं आणि मग आपण दोघी नुसत्या "हॅलो, हॅलो" करत बसतो. व्हॉट्सॲपवर लिहावं तर ते ह्यांच्या टॅबवरही उघडतं, आणि हे ह्यांना कळायला नको आहे. म्हणून नंदनच्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं काढली. नंदन सेहेचाळीसचा झाला, पानं अजून संपली नाहीत.

तुमच्या दादांच्या हृदयाची झडप अरुंद झालीय हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या आठवड्यात सर्जनकडे गेलो होतो. तो म्हणाला, ऑपरेशन केलं तर वय एकोणऐंशी, त्यात मूत्रपिंडं दुबळी, टेबलावर काहीही होऊ शकतं. नाही केलं तर वर्ष, फार तर दीड. पंधरा मेपर्यंत हो की नाही ते कळवा. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "पंचावन्न वर्षं सगळं मीच ठरवत आलो. इथे यायचं, घर घ्यायचं, घर विकून ह्या कॉन्डोच्या फ्लॅटमध्ये जायचं. हे एक तू ठरव. तू म्हणशील त्यावर सही करतो." आणि रेडिओ लावला.

मी मॅट्रिक झालेली बाई. बटाटे कुठल्या दुकानातून आणायचे ते मी ठरवते. नंदनला विचारलं तर तो म्हणतो, "आई, धिस इज बिट्वीन यू अँड बाबा." म्हणजे त्यानेही हात झटकले.

आमच्या गावी असं काही अडलं की देवीला कौल लावत. गुरव मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवून गाऱ्हाणं घालायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझं तुमच्या दादांशी जमलं तेसुद्धा उजव्या कौलावर. इथल्या मंदिरातल्या पुजाऱ्यांना विचारून पाहिलं. ते तेलंगणाचे, त्यांना कौल हा प्रकारच ठाऊक नाही. म्हणाले, "आंटी, सत्यनारायण कर लीजिए."

आता खरी गोष्ट. ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, आमच्या खिडकीखाली पार्किंगला लागून फुलांचा वाफा आहे ना, तिथे एका हंसिणीने अंडं घातलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, तरी वरून स्वच्छ दिसतं. काळी मान, गळ्याखाली पांढरा पट्टा. नर जवळच उभा असतो आणि पिशव्या घेऊन येणाऱ्यांच्या अंगावर फिस्कारत धावतो. काल रामनवमी. दुपारी बाराला पाळणा म्हणून झाला, प्रसाद ठेवला, आणि खिडकीशी गेले तर ती उठून पिसं सारखी करत होती. मोजली, पाच अंडी. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "रामराया, पिल्लू निघालं तर ऑपरेशन. नाही निघालं तर नाही." हंस सरस्वतीचं वाहन. त्याच्याकडून खोटं उत्तर यायचं नाही, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

भावोजी पक्ष्यांच्या मागे फिरायचे म्हणून तुम्हाला विचारते. हा हंसच ना? पिल्लं किती दिवसांनी निघतात? ह्यांना मात्र काही बोलू नका.

ह्यांचं हल्ली कशात लक्ष नाही. रविवारी खाली गेले ते कोपर काळंनिळं करून आले. म्हणतात गाडीच्या दाराला लागलं. छत्रीची काडी मोडलीय, आणि त्या दिवशी पाऊस नव्हता. मक्याच्या तेलाच्या बाटलीवर मी दर शनिवारी पेन्सिलीने खूण करते, तर तेल दोन बोटं खाली. सोमवारी मी काही तळलं नाही, रविवारीही नाही. बाटली गळते का म्हणून खाली कागद ठेवून बघितला. कोरडा.

तुमची
विजयावहिनी


ब्रॉसार्ड, २६ एप्रिल

ती. वहिनी,

पत्र पोचलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून, डेपानरमधून, दूध घेऊन येते तो पेटीत तुमचं अक्षर. दोनदा वाचलं.

आधी पक्ष्याचं सांगते. तो राजहंस नव्हे. कॅनडा गूज. इथे फ्रेंचमध्ये बर्नाश म्हणतात. आपल्याकडचा कलहंस असतो, त्याच्या नात्यातली ही जात, तेव्हा सरस्वतीकडे वशिला अगदीच नाही असं नाही. जोडी जन्माची असते. मादी स्वतःच्या छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात घालते, त्यावर अंडी. नर अंडी उबवत नाही, पहारा करतो आणि सगळ्यांशी भांडतो. आमचे हे म्हणायचे, "रिटायर्ड माणसासारखा." पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी निघतात आणि एका दिवसात आईच्या मागे चालत पाण्यावर जातात. पुन्हा घरट्यात येत नाहीत.

इकडे नदीवर पांढऱ्या हंसांचे थवे महिनाभर उतरले होते, आता उत्तरेला गेले. पाणकावळे आलेत. खडकावर पंख पसरून उभे राहतात, कारण त्यांची पिसं भिजतात, बदकांसारखी कोरडी राहत नाहीत. ह्यांची दुर्बीण मी रोज पुसते. डोळ्याला लावते तेव्हा एका बाजूचं अंधूक दिसतं, तिची चकती ह्यांच्या डोळ्याच्या मापाला बसवलेली आहे, ती फिरवून माझ्या डोळ्याला लावायचं मन होत नाही.

कौलाबद्दल मी काय सांगणार. एवढंच म्हणते, लावलाय तर आता मोडू नका. जे येईल ते माना. आमच्या ह्यांच्या वेळी मी देवाला विचारलं नाही. डॉक्टरला विचारलं. पाच तास लागतील म्हणाला, आणि दोन तासांत बाहेर आला. ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीच माझ्याशेजारी बसला होता.

तेलाचा जीव जाळू नका. दादाला एकट्याने डोसे करून बघावेसे वाटले असतील. कौलाचं दादाला सांगू नका, तो हसेल आणि तुमचं मन मोडेल.

मंदा


॥ श्री ॥
कनाटा, अक्षय्य तृतीया, १० मे

मंदावन्सं,

अठ्ठावीस दिवस मंगळवारी भरले. पाडव्यापासून मी कॅलेंडरवर रोज एक टिंब देत होते. सकाळी आंघोळ करून, निरांजन लावून खिडकीशी बसले. ती बसलेली. संध्याकाळी ती बसलेली. बुधवारी पाऊस, अंगावरून पाणी निथळतंय आणि ती बसलेली. आज अक्षय्य तृतीया, आजच्या दिवशी काही उणं राहत नाही म्हणतात. पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. ती उठली, अंडी चोचीने फिरवली, पुन्हा बसली. पाचही तशीच.

तेव्हा उत्तर आलं म्हणायचं. डावा कौल. बुधवारी पंधरा तारीख, त्या दिवशी हॉस्पिटलला नाही म्हणून कळवीन.

पण वन्सं, मला काही कळेनासं झालंय. देवाने नाही म्हटल्यावर डोक्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. ते उतरलंच नाही. काल पोळ्या करताना तीन करपल्या. आजवर माझी पोळी करपली नव्हती. मग वाटतं, माझी मोजणी चुकली असेल, पाडव्याचा दिवस धरायचा की नाही? मग वाटतं, देवाशी घासाघीस करणारी मी कोण? भाजीवाल्याशी करते ती वेगळी.

आणि ह्यांचं वागणं. पूर्वी खिडकीत बसून चहा प्यायचे, आता चहा घेऊन आतल्या खोलीत जातात. मी म्हटलं, "या, बघा, बिचारी पावसात बसलीय." तर म्हणाले, "मला नाही बघायचं," आणि तोंड फिरवलं. एवढा राग त्या पक्ष्याचा? नवीन बूटही बिघडलेत. लिफ्ट बंद होती त्या दिवशी तीन जिने चढताना चार वेळा खाली वाकून नाडी बांधली. मी दुकानात परत करू म्हटलं तर नको म्हणाले.

मी सांगितलं त्याप्रमाणे तुम्ही ह्यांना काही लिहिलं नाहीत ना? ह्यांच्या वागण्यावरून शंका येते.

विजयावहिनी


ब्रॉसार्ड, १३ मे

वहिनी,

तुमचं एक्सप्रेसचं पत्र आज सकाळी मिळालं, हेही मी आत्ताच एक्सप्रेस पोस्टाने टाकते आहे. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा दादाने उचलला आणि मला बोलता आलं नाही. यंत्र नीट होतं. मीच ठेवला.

दादाला मी काही लिहिलं नाही. दादाने मला लिहिलं होतं. पंधरा एप्रिलला, म्हणजे तुमचं पहिलं पत्र यायच्या आधी. त्याची ईमेल जशीच्या तशी उतरवते.

"मंदे, काल एक घाणेरडं काम केलं. कॉन्डो बोर्डाने ठरवलं की पार्किंगजवळच्या घरट्यातल्या अंड्यांना तेल लावायचं. मक्याचं तेल चोळलं की आत हवा जात नाही, पिल्लू वाढत नाही. फोडली तर ती पुन्हा घालते, म्हणून फोडायची नाहीत, तिला बसू द्यायचं. सरकारकडे रीतसर नोंदणी वगैरे केलीय. इमारतीची देखभाल करणारा सुपर, त्याच्याबरोबर दुसरा माणूस हवा होता आणि मी बोर्डावरचा रिकामटेकडा. त्याने छत्री धरली, मी चार अंड्यांना तेल लावलं. नराने पंख असा हाणला की कोपर सुजलंय. तुझ्या वहिनीला सांगू नकोस. तेल तिचंच नेलं. ती रोज वरून त्यांच्याकडे बघून हात जोडते."

सव्वीस तारखेला तुम्हाला लिहिताना हे मला माहीत होतं. पिल्लं निघणार नाहीत हे ठाऊक असूनही मी तुम्हाला लिहिलं की कौल मोडू नका. विसरले नव्हते वहिनी, जाणूनबुजून लिहिलं. मला दादाचं ऑपरेशन नको आहे. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या त्या खुर्च्यांवर मला पुन्हा बसायचं नाही. देवाचं नाव घेऊन तुम्ही नाही म्हणालात तर कुणाचा दोष नाही, असा हिशेब मी केला.

पण तुम्ही नाडीचं लिहिलंत. नाडी बिघडलेली नाही. आमचे हे शेवटच्या वर्षी पुलावर थांबून दुर्बीण लावायचे. पाण्यावर एकही पक्षी नसायचा. दम लागलेला मला दिसू नये म्हणून.

मोजणीही चुकलीय. ती पहिलं अंडं घातल्यावर उबवायला बसत नाही. सगळी घालून झाली की बसते, आणि अठ्ठावीस तिथून धरायचे. हेही मी लिहायचं टाळलं. आता काय धरायचं ते मला कळत नाही. तुम्हाला जे करायचं ते करा, फक्त हा कौल म्हणून करू नका.

रागावलात तर बरोबरच आहे.

मंदा


॥ श्री ॥
कनाटा, १५ मे

मंदावन्सं,

तुमचं पत्र काल दुपारी आलं. वाचून झाल्यावर मी आधी गेले ती बाटली बघायला. का ते मलाही सांगता येणार नाही.

हे आत चहा पीत होते. मी दारात उभी राहून विचारलं, "तेल कुठे गेलं?"

"कुठलं तेल?"

"माझं."

चहा उगाच ढवळला. मग म्हणाले, "मंदीने सांगितलं?"

"मंदावन्संनी सांगितलं, कोपराने सांगितलं, छत्रीने सांगितलं. मलाच ऐकू आलं नाही."

"कायद्याने परवानगी आहे," म्हणाले.

मी म्हटलं, "असेल. पण पाप तुमचं आणि तेल माझं, म्हणजे अर्धं मलाही लागलं. निदान विचारायचंत." मग मी विचारलं, "चारच अंड्यांना का लावलंत?"

"चारच होती. मोजून लावलं."

"चौदा तारखेला चार असतील. रामनवमीला पाच होती. मी वरून मोजलीत."

कप खाली ठेवला. "पुन्हा मोजलीस?"

"मी मोजताना चुकत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"म्हणजे एकाला तेल नाही," असं म्हणून ते उठले आणि महिन्याभरात पहिल्यांदा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग मी सगळं सांगितलं. कळ्या, गुरव, पाळणा, रामराया. वाटलं होतं हसतील. हसले खरे, पण नीट नाही. "माझं ऑपरेशन तू बदकावर टाकलंस?"

"बदक नव्हे. कलहंसाच्या नात्यातला आहे."

त्यावर मात्र खरे हसले, आणि हसता हसता दम लागला, आणि वाकून नाडीला हात घातला. घरात होते वन्सं. पायात सपाता होत्या.

मी खाली बसले आणि त्यांचा हात धरला. विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" असं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. भात की पोळी एवढंच विचारत आले. ते म्हणाले, "नको म्हणायची लाज वाटते आणि हो म्हणायची भीती. म्हणून तुझ्यावर ढकललं." मी म्हटलं, "मी देवावर ढकललं, देवाने तुमच्यावर ढकललं. फिरून आपल्याच घरात आलं."

आज सकाळी ते म्हणाले, "पाचव्याचं बघूया की. ती सोळाच्या सुमारास बसली असेल, तर आज उद्याच ठरेल. हॉस्पिटलकडे दोन दिवस मागून घेऊ." मी नको म्हटलं. वन्सं, मला हे नीट मांडता येत नाही, पण लिहून बघते. त्या दिवशी डावा कौल आला असं समजून मी बसले होते ना, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला तो नको होता. पोळ्या उगाच नाही करपल्या. आता पाचव्यातून काही निघालं नाही तर मी काय, ऐकणार आहे? ऐकायचंच नसेल तर विचारू नये. देवाची थट्टा होते.

मी खिडकीचा पडदा ओढला. देवापुढे पाच दिवे लावले, रामरायाची माफी मागितली की विचारून उत्तर न घेता चालले. आणि मीच फोन केला. तिकडची बाई "मिस्टर आहेत का लाइनवर" विचारत होती. मी म्हटलं, "ही इज हियर. बट आय ॲम टेलिंग. यस." तिने तारीख दिली, तीन जून.

तुम्ही लपवलंत त्याचा राग आला आहे. दोन दिवस राहील. पण त्या खुर्च्यांवर मीही बसले होते तुमच्याशेजारी, ते मी विसरले आणि तुम्हालाच असला प्रश्न विचारायला गेले. तीन तारखेला तुम्ही या. नाही म्हणू नका, मला शेजारी कुणीतरी हवं. यंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या आणा.

१८ मे
पत्र टाकायचं राहून गेलं होतं, म्हणून पुढे लिहिते. काल संध्याकाळी पडदा उघडला. ती नव्हती. नरही नव्हता. हे माझ्यासोबत खाली आले, सावकाश, नाडी न बांधता, दर दहा पावलांवर उघडपणे उभे राहून. घरट्यात पिसं आणि चार अंडी, गार. पाचवं नव्हतं. कवचाचा तुकडासुद्धा नाही. हे म्हणतात पिल्लू निघून आईच्या मागे तळ्यावर गेलं. सुपर म्हणतो रॅकूनने नेलं, रोज रात्री येतो. दोघंही अगदी खात्रीने बोलतात. मला काही कळत नाही. चार अंडी मी वाफ्यातच मातीखाली ठेवली आणि वर हळदकुंकू वाहिलं. सुपर बघत होता.

विजयावहिनी


॥ श्री ॥
कनाटा, २९ जून

मंदावन्सं,

तुम्ही परत गेलात त्याला आज आठवडा झाला. तुम्ही बसायचात ती खुर्ची अजून खिडकीशीच आहे. भावोजींची दुर्बीण विसरून गेलात असं मी समजणार नाही. कपाटावर व्यवस्थित मांडून ठेवलेली वस्तू विसरलेली नसते. पण ती फिरवून आपल्या डोळ्याला लावायला ह्यांना धीर होत नाही. म्हणतात, "त्याचं माप आहे ते." अंधूक तर अंधूक, तशीच वापरतात.

जखम सुकलीय. ते हार्ट पिलो का काय दिलंय, ते छातीशी धरून रोज तळ्यापर्यंत जातात. मी बरोबर असते. काल बाकापर्यंत न थांबता गेले. तुम्ही सांगितलंत तसंच आहे, मोठ्या हंसांची पंखांची पिसं गळून पडलीत, काठावर ढीग आहे. कुणालाच उडता येत नाही, पिल्लांना अजून नाही आणि आईबापांना आता नाही. सगळी चालतच गवत खात हिंडतात. हे म्हणाले, "माझ्यासारखीच."

आणि पिल्लं म्हणाल तर कुणाची कोण, काही पत्ता लागत नाही. तीन-चार घरांची मिळून एकाच जोडप्यामागे चालतात. आमची ती कुठली तेही ओळखू येत नाही, सगळ्यांच्या माना काळ्याच. हे बाकावर बसून मोजतात. सोमवारी अठरा भरली. बुधवारी एकोणीस. काल पुन्हा अठरा, मग एक गवतातून उठलं. आज एवढे गोंधळले की मला म्हणाले, "तू मोज, तू चुकत नाहीस."

मी मोजलं नाही. म्हटलं, "राहू द्या. त्यातलं एक आपलं धरा."

विजयावहिनी